डाव्या बाजूची स्प्रिंग

विश्रामबागच्या सिग्नलला दिवा लाल होता म्हणून दिग्विजय थांबला होता. बाकीचे का थांबले होते हे त्यांचं त्यांना ठाऊक. मागून आलेल्या एका मोपेडवाल्यानं त्याच्या काचेवर टकटक केली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, डोक्यावर टोपी, मागं बायको आणि बायकोच्या मांडीवर कोबीची पिशवी. दिग्विजयनं काच खाली घेतली. "सायेब, गाडी डावीकडं कलाय लागलीया. हवा बगा जरा," एवढं सांगून तो दिवा हिरवा व्हायच्या आतच निघून गेला. कोबीवर हात ठेवून बसलेल्या त्याच्या बायकोनं मात्र वळून, एखाद्या आजारी माणसाकडं पाहावं तसं गाडीकडं पाहिलं.

चारी चाकांत हवा सारखी निघाली. कुपवाडला पोचल्यावर दिग्विजयनं कारखान्याच्या आवारात गाडी सपाट जागा बघून लावली, समोर येऊन दहा पावलं मागं गेला आणि वाकून पाहिलं. तो तिथं तपासनीस होता. पंपाचे सुटे भाग यायचे, सगळे एकसारखे दिसायचे, आणि ते खरोखर एकसारखे आहेत का हे सांगण्याचा पगार त्याला मिळायचा. बरीच वर्षं हे काम केल्यावर माणसाला कशाचं फारसं कौतुक उरत नाही. लग्नात अंतरपाट खाली आला की तो आधी वधूवरांच्या खांद्यांची उंची बघे. आता त्याच नजरेनं त्याला दिसलं की पुढच्या उजव्या चाकात आणि मडगार्डात जेवढी फट आहे, त्याहून डावीकडची बोटभर कमी आहे. गाडीत कुणीही नव्हतं. तरीसुद्धा ती, डाव्या बाजूला कुणीतरी बसल्यासारखी, उभी होती. दिग्विजय वाकलेला तसाच राहिला. हजेरीला जाणारे दोघंचौघं थांबून त्याच्याबरोबर वाकले, काही न कळून सरळ झाले आणि गेले. वाकलेला माणूस दिसला की आपणही वाकून बघायचं, एवढी माणुसकी कुपवाडात अजून शिल्लक आहे.

डाव्या बाजूला दादा बसायचे. दादा म्हणजे त्याचे वडील, सुभेदार बाळासो. सैन्यातून परत आल्यावर आष्ट्याच्या रानात त्यांनी ऊस केला, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर मळा वाट्यानं देऊन ते धोंडुबाईसह सांगलीला पोराकडं राहायला आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते गाडीच्या डाव्या दाराशी उभे राहिले. "कुठं?" दिग्विजयनं विचारलं. "सोबत," दादा म्हणाले. तेव्हापासून ती सोबत रोज झाली. कुपवाडला फाटकावरचा राखणदारही जुना फौजी निघाला. दोघं उभ्या उभ्या चहा घेत, सीमेचा बंदोबस्त करत, आणि मग दादा बसनं घरी परतत. देह दांडगा होता. ते बसले की गाडी आधी डावीकडं झुके, मग दार लागे, मग ते म्हणत, "हं, सोड." प्रत्येक चौकात ते मान वळवून डावा रस्ता बघत आणि खणखणीत आवाजात सांगत, "डावं किलेर!" दिग्विजयला लाज वाटे. एकदा कारखान्याचे मालक मागं बसले असताना दादांनी "डावं किलेर" दिलं, आणि मालकांनी घाबरून हातातली फाइल उघडली. आता दादांना जाऊन वर्ष होत आलं, पण चौकात आलं की दिग्विजय क्षणभर थांबतोच. मागचे हॉर्न वाजवतात. कुणीतरी डावं मोकळं आहे म्हणून सांगेल आणि मग आपण निघू, ही सवय शरीरातून कुठल्या बाजूनं काढायची ते त्याला कळत नाही. दादा झोपेत गेले. कुणाला त्रास न देता गेले, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, आणि दिग्विजयला प्रत्येक वेळी वाटलं की थोडा द्यायला हवा होता.

त्यानंतर त्या सीटवर कुणी बसलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. घरातल्या थोरल्या पुरुषाची जागा पुढं, बायकांची मागं, हे त्यांच्याकडं कुणी शिकवत नाही. चालायला लागल्यावर चपलेचा डावा-उजवा पाय कळतो तसं ते कळतं. वर्ष उलटेस्तोवर ती जागा मोकळी राहील असं सगळ्यांनी न बोलता धरलं. आई धोंडुबाई मागं, बायको संयोगिता मागं, शाळेत जाणारी लेक सृष्टी मागं, आणि दिग्विजय पुढं एकटा. एका मंगल कार्यालयाच्या दारात तर त्याला ड्रायव्हर समजून मागच्या अंगाला जेवायला पाठवलं. तो गेला. पंगत बरी होती.

केरबाचं गॅरेज कुपवाडातच होतं. केरबा आष्ट्याच्या शाळेत त्याच्या बाकावर होता, आणि आठवीत ज्या हातानं त्यानं हेडमास्तरांची सायकल खोलली होती त्याच हातानं आता मोटारी खोलत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या मडगार्डावर दोन्ही तळहात टेकून दाबलं, सोडलं. "स्प्रिंग बसलीया हिची. डावी. कोण बसत हुतं रं ह्या बाजूला?" विचारलं आणि त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं हात पुसायला फडकं शोधलं. फडकं खांद्यावरच होतं. "दादा व्हय," तो म्हणाला. "मग बसणारच की रं. किती वर्सं." आणि मग, माणसं असल्या वेळी विषय बदलतात तसा त्यानं बदलला: "न्हाईतरी नव्या टाकायच्या, तर आता तुझा नाद पुरा करून घे की गड्या. जमिनीला टेकलेली गाडी पायजे म्हणून कॉलेजात नुस्ता येडा झाला हुतास. आता कोण नगं म्हणणार हाय?"

नको म्हणणारं खरंच कुणी नव्हतं, आणि याचंच त्याला कसंतरी झालं. ठेंगणी, रस्त्याला चिकटून धावणारी गाडी ही त्याची तरुणपणची हाव. आणि "गाडीखालनं मांजर गेलं पायजे, आन् जाताना त्यानं वाकू नये," हा दादांचा कायदा. ऊसवाल्याच्या गाडीला पोट असू नये, पाटाच्या वाटेनं जावं लागतं, असं ते म्हणत. केरबानं त्याला दोन रस्ते सांगितले. लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंगा: एकदा बसवल्या की गाडी चारी बाजूंनी खाली येते आणि तिथंच राहते, वरखाली काही नाही. किंवा कॉइलओव्हर: स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र, अंगावर आटे, पाना फिरवला की ज्या त्या चाकाची उंची पाहिजे तेवढी वर, पाहिजे तेवढी खाली. "रोजची गाडी हाय तुझी. स्प्रिंगा टाक, चालव, इसर," केरबा म्हणाला. "कॉइलओव्हर झ्याक दिसतंय, पर आपल्या धुळीत आटं गच्च हुत्यात. तरीबी नादाला मोल न्हाई." दिग्विजय म्हणाला, विचार करतो. विचार करतो म्हणजे नको, हा अर्थ केरबाला माहीत होता. पण या वेळी दिग्विजय खरंच विचार करत होता. फक्त स्प्रिंग की कॉइलओव्हर याचा नव्हे. जुनी स्प्रिंग काढली की ती बोटभर फट भरून येणार, गाडी सरळ उभी राहणार, आणि दादांनी जगावर पाडलेला शेवटचा दाब जाणार. बाकी त्यांचं काय राहिलं होतं? सदरे अनाथाश्रमात गेले. चष्मा कुणाच्याच नंबरचा नव्हता.

घरी सांगायला नको होतं, पण त्यानं सांगितलं. सकाळी तो गाडी पुसायला खाली गेला तर धोंडुबाई आधीच तिथं उभी होती आणि डाव्या मडगार्डाला हळूच हात लावून तोच हात कपाळाला लावत होती. त्याला बघून तिनं पदरानं मडगार्ड पुसल्यासारखं केलं. आठवड्यात ही गोष्ट आष्ट्याला गेली. रविवारी अर्जुनामामा, म्हणजे तिचा भाऊ, मुद्दाम बघायला आला. त्यानं चपला काढल्या, गाडीपुढं उकिडवा बसला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "दिसतंय की रं सपष्ट," तो म्हणाला. "माणूस गेला पर बैठक न्हाई मोडली." मग वर येऊन त्यानं दोन बशा पोहे खाल्ले आणि जाताना सांगितलं, "ती स्प्रिंग टाकू नगंस. द्येवघरात ठीव." देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी, काळं ऑइल गळणारी एक स्प्रिंग दिग्विजयच्या डोळ्यांपुढं आली, आणि भयंकर म्हणजे, ती त्याला अशक्य वाटली नाही.

पंधरवडा गेला. तो रोज संध्याकाळी मोबाइलवर स्प्रिंगा बघे. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला एक लालबुंद माणूस अर्धा तास कॉइलओव्हरचे गुण सांगे, आणि दिग्विजय ते सगळं समजल्यासारखी मान हलवी. "झालं का ठरवून?" संयोगितानं विचारलं. "अभ्यास चाललाय." "माझ्या वेळी एवढा अभ्यास नव्हता केलात." "तेव्हा एकच पर्याय दाखवला होता." ती हसली नाही. दिवा घालवल्यावर अंधारातच म्हणाली, "अहो, बदलायचं नसेल तर नका बदलू. पण मग तसं म्हणा. त्या गोऱ्याला कशाला दमवता?" दिग्विजयनं मोबाइल उशीखाली सरकवला. त्याला आठवत होतं की दादा बसल्यावर गाडी किती खाली जायची हे त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. तो आत, स्टिअरिंगवर असायचा. माणूस आहे तोवर त्याचा भार बाहेरून बघता येत नाही. दिसतो तो गेल्यावरच, आणि तेव्हाही बोटभर.

मध्ये एकदा धोंडुबाईला साताऱ्याला न्यावं लागलं. फौजी कॅन्टीन तिथलं. साबण, चहा, तेल तिथूनच आणायचं अशी दादांची शिस्त, आणि आता कार्ड तिच्या नावावर. हमरस्त्यावर गाडी लागल्यावर दिग्विजय डाव्या बाजूचा प्रत्येक खड्डा चुकवत होता. आजाऱ्याला नेताना रिक्षावाला चुकवतो तसा. कऱ्हाड मागं पडलं. दुपार कलली आणि ऊन आडवं होऊन पुढच्या रिकाम्या सीटवर आलं. मागून धोंडुबाई म्हणाली, "दिगू, पुढं ऊन येतंय बग. पडदा लाव तेवढा." त्यानं गाडी कडेला घेतली, डाव्या काचेला पडदा लावला, आणि रिकामी सीट सावलीत घेऊन ते साताऱ्याला गेले. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परत येताना त्याच्या मनात आलं की हे असंच चालू राहू शकेल. गाडी कलती, सीट मोकळी, पडदा लावलेला. माणसं याहून कितीतरी विचित्र गोष्टी घेऊन जगतात आणि पगाराच्या तारखेला वेळेवर हजर असतात. पण गाडी आता वळणावर डावीकडं ओढत होती, टायर एका अंगानं झिजत होता, आणि मागं आई, बायको, पोर बसत होती. जिवंत माणसांना घेऊन मेलेल्याच्या बाजूला ओढली जाणारी गाडी रोज चालवायची नाही, एवढं तपासनिसाला कळत होतं. त्यानं केरबाला फोन केला. "काढू या," तो म्हणाला. "काय बसवायचं?" "आधी काढ."

केरबानं डावं चाक उतरवलं, शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगसकट बाहेर ओढला, शिकंज्यात आवळून वरचा नट सोडला. मग उजवी. दोन्ही स्प्रिंगा त्यानं फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि बाजूला झाला. दर्शनाला जागा करून द्यावी तसा. दिग्विजय उकिडवा बसला. त्याला वाटलं होतं की डावी बघितल्याबरोबर ओळखू येईल. खांदे पडलेली असेल, दबलेली असेल. त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मग कारखान्यातून आणलेलं उंची मोजायचं हत्यार पिशवीतून काढलं आणि मोजलं. मग स्प्रिंगा उलट्या करून मोजलं. जागा बदलून मोजलं. आपलं हत्यार चुकत असेल म्हणून केरबाची पट्टी मागितली. पोरांच्या उत्तरपत्रिकेत कुठंतरी अर्धा गुण वाढतोय का हे एखादा मास्तर शोधतो तसं त्यानं शोधलं. दोन्ही सारख्या होत्या. पंपाचे भाग असते तर त्यानं मान वर न करता दोन्ही पास केले असते. केरबा तोवर डाव्या बाजूचं वरचं रबर हातात घेऊन बघत होता. ते मधोमध फाटून चपटं झालं होतं. "ह्ये बसलंया," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खड्ड्यानं. आपल्याकडं रस्त्याची कड डावीकडंच तुटकी आस्ती रं, डावं चाकच मरतंय. वरनं दाबून बगितलं आन् म्या स्प्रिंग म्हनलो. चुकलं माजं."

म्हणजे दादांचं काही नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी तो दांडगा देह या लोखंडावर बसला, आणि रोज सकाळी दार उघडून उतरल्यावर लोखंड निमूट आपल्या उंचीला परत गेलं. चांगल्या पोलादाचं ते कामच. ज्या पोलादानं भार लक्षात ठेवला ते नापास, हे त्यानंच नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. इतके दिवस त्यानं जो दाब जपला, आईनं ज्याला हात लावून नमस्कार केला, मामानं ज्याच्यापुढं चपला काढल्या, तो कुठल्या तरी नाक्यावरच्या बुजवायला विसरलेल्या खड्ड्याचा होता. कदाचित तो खड्डा दादा गेल्यानंतरचा असेल. हे मनात येताच दिग्विजयला हसू फुटलं, आणि हसू चेहऱ्यावर पोचेपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालं. केरबा हवेच्या पंपाकडं गेला आणि उगाच चालू करून उभा राहिला. त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

पंप बंद करून केरबा परत आला. "मग आता? रबर तेवढं बदलतो. जुन्याच बशिवू?" दिग्विजय त्या दोन स्प्रिंगांकडं बघत राहिला. "न्हाईतर कॉइलओव्हर टाक," केरबा म्हणाला. तो शब्द निवडून बोलत होता, आणि केरबाला शब्द निवडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "डावं बोटभर खाली ठीवतो आटं फिरवून. हाय तसं दिसंल. काकूंना सांगायची गरज न्हाई. कुणालाच न्हाई. तुजं तुला." आणि दिग्विजयला ते इतकं हवंसं वाटलं की त्यानं क्षणभर डोळे मिटले. सगळं होतं तसं राहिलं असतं. अर्जुनामामा वर्षातून एकदा येऊन एक डोळा मिटून बघत राहिला असता. आई सकाळी हात लावत राहिली असती. आणि आपण? आपण रविवारी, घरची झोपलेली असताना, पाना घेऊन चाकाशी बसणार. थोडं खाली. इतके होते का दादा? नाही, अजून थोडे होते. मग सांगलीला आले तेव्हाचे दादा. मग आणखी मागचे, आष्ट्याच्या रानातले. पाना हातात असला की कितीही दादा करता आले असते, आणि त्यातले कुठलेच खरे नसते. "नको," तो म्हणाला. "पाना लागणार नाही असलं काहीतरी टाक. लोअरिंग स्प्रिंगच टाक. डावी-उजवी सारखी." "गाडी खाली येनार बग. मांजार वाकणार." "वाकू दे." "दादा असते तर?" "चार दिवस बोलले नसते," दिग्विजय म्हणाला, "आणि पाचव्या दिवशी येऊन बसले असते." जुन्या स्प्रिंगा त्यानं घरी नेल्या नाहीत. केरबानं त्या भंगाराच्या ढिगावर ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या.

वर्षश्राद्ध आष्ट्याच्या घरी होतं. सकाळी मागची सीट पत्रावळ्यांचे गठ्ठे, तांदळाची पिशवी, पितळी घागर, हाराची पुडी यांनी भरली. उरलेल्या जागेत संयोगिता आणि सृष्टी कशाबशा मावल्या, सृष्टीच्या मांडीवर दादांचा फोटो. धोंडुबाई फाटक लावून आली आणि गाडीपाशी उभी राहिली. गाडी ठेंगणी झालेली तिनं पाहिली. डावी बाजू सरळ झालेलीही पाहिली. "आई, पुढं बस," दिग्विजय म्हणाला. "पुढं?" "मागं जागा कुठं आहे?" ती सीटकडं बघत राहिली. "आज वरीस फिटतंय म्हणा," ती म्हणाली, त्याला नव्हे. मग "बसू व्हय?" म्हणाली, तेही त्याला नव्हे. आणि दोन्ही हातांनी दार धरून ती आत सरकली. दिग्विजय दार लावायला बाहेर उभा होता. त्याची नजर आपसूक चाकावर गेली. कुणीही बसलं की फट दोऱ्याएवढी तरी कमी होते. ती झाली नाही. नव्या स्प्रिंगा कडक असतात, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि फिरून येऊन आपल्या जागी बसला.

त्यानं गाडी चालू केली. या गाडीला एक खोड होती. डाव्या सीटवर माणसाचा भार पडला आणि त्यानं पट्टा लावला नाही, तर ती टिंगटिंग वाजत राही. पट्टा लावेपर्यंत गप्प बसत नसे. आईला पट्टा कसा लावायचा ते माहीत नसणार म्हणून दिग्विजय हात पुढं करून, टिंगटिंग व्हायची वाट बघत थांबला. गाडी वाजली नाही. त्यानं चावी बंद करून पुन्हा फिरवली. गाडी वाजली नाही. डाव्या सीटवर कुणी बसलं आहे हे गाडीला कळलंच नव्हतं.

"काय झालं?" मागून संयोगिता म्हणाली.

दिग्विजयनं आईकडं पाहिलं. वर्षभर ती त्याच्या पाठीमागं बसत होती. चोळीची बाही दंडापासून सुटून लोंबत होती आणि तिच्यात हात कुठंतरी आत होता. गळ्याच्या दोन हाडांमध्ये सकाळची सावली साठली होती. मांडीवर तिनं हात ठेवले होते. ते हात कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखे दिसत होते. या अंगावरून लुगडं रोज दोरीवर जात होतं, संयोगिता रोज ताट वाढत होती, ताटं रोज उचलली जात होती, आणि घरातला मोजमाप करणारा माणूस खाली जाऊन चाकाची फट बघत होता.

"आई," तो म्हणाला, "जेवतेस ना गं तू?"

"जेवती की. निघायचं का न्हाई? भटजी खोळंबल तिकडं."

मागं कुणी हललं नाही. दिग्विजयनं पट्टा हातातच धरला होता. "पुढं पुढं नको बसू अशी," तो म्हणाला. "जरा मागं टेकून, नीट बस."

"टेकलीच हाय की रं," धोंडुबाई म्हणाली.

गाडी गप्पच होती.